स्टर्नड्राइव्हचा बेलोज बदलूनही पाणी पुन्हा का शिरतं

बेलोज, म्हणजे ड्राइव्हच्या शाफ्टभोवतीची पाणी अडवणारी घड्यांची रबरी नळी, नवा, क्लॅम्प नवे, गोंदही ताजा. तरी पुढच्या हंगामात ड्राइव्ह उतरवला की आतून लालसर, गंजाचं पाणी ओघळतं. अशा वेळी बहुतेक जण आणखी एक बेलोज मागवतात, तोच उद्योग पुन्हा करतात आणि वर्षभराने परत त्याच जागी येतात. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की नवीन रबर मागवण्याआधी थांबा. चांगला बेलोज एका हंगामात आपणहून फाटत नाही. एक तर शेजारचं काहीतरी त्याला फाडत असतं, नाहीतर पाणी त्याच्यातून येतच नसतं. कारण शोधलं नाही तर दहा बेलोज बदलूनही फरक पडणार नाही. आणि हा प्रश्न नुसत्या खर्चाचा नाही. बेलोज ज्या भोकावर बसतो ते पाण्याच्या पातळीखाली आहे, इथून बोटी बुडतात.

ज्यांनी हे काम मेकॅनिककडूनच करून घेतलंय त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. इंजिन बोटीच्या आत, पाय (म्हणजेच ड्राइव्ह) बाहेर, आणि मध्ये ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत. इंजिनाची ताकद त्या भिंतीतल्या भोकातून शाफ्टने पायाकडे जाते. पाय डावी-उजवीकडे वळतो, वर उचलला जातो, म्हणून शाफ्टमध्ये यू-जॉइंट, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, असतात आणि त्यांच्याभोवती घड्यांचा रबरी बेलोज. १९५९ साली व्होल्वो पेंटाने अ‍ॅक्वामॅटिक हा स्टर्नड्राइव्ह आणला तेव्हापासून आजच्या मर्क्रूझर अल्फा आणि ब्राव्होपर्यंत या मांडणीचा गाभा बदललेला नाही. ट्रान्समवर बसलेलं ते गिंबल हाउसिंग, ड्राइव्ह ज्याला नटांनी जोडला जातो ते बेल हाउसिंग, आणि या दोघांच्या मध्ये रबर.

यू-जॉइंटच्या बेलोजखाली मोठा एक्झॉस्ट बेलोज असतो (काही बोटींत त्याच्या जागी एकाच टोकाला बांधलेली सरळ नळी असते). अनेक मॉडेलांत बाजूला शिफ्ट केबलचा (गिअर बदलणाऱ्या तारेचा) छोटा बेलोजही असतो. एक्झॉस्टचा बेलोज फाटला म्हणून बोट लगेच बुडत नाही. यू-जॉइंटचा फाटला तर पाणी गिंबल बेअरिंग (शाफ्टला ट्रान्समपाशी आधार देणारं) आणि त्याच्या सीलपाशी येऊन थांबतं, आणि ते सील थकलेलं असेल तर आत येतं. सर्वांत दुर्लक्षित तो शिफ्ट केबलचा. दिसायला किरकोळ, पण केबल ट्रान्सममधून सरळ आत जाते, त्यामुळे तो फाटला की पाण्याला बोटीत यायला आडकाठी उरत नाही. तिन्ही एकदमच बदला. एकच बदलून बेल हाउसिंग परत चढवण्यात काहीच वाचत नाही.

पाणी येतंय कुठून, हे पाना हातात घेण्याआधी

तळातलं पाणी उपसून ट्रान्समची आतली बाजू अगदी कोरडी पुसून घ्या. मग गिंबल बेअरिंगच्या खाली, शिफ्ट केबल आत येते तिथे, स्टिअरिंगच्या वरच्या पिनेपाशी आणि ट्रान्समच्या खालच्या काठाला कोरड्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा. कागद ओला कुठे झाला हे लपत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघत बसलात तर चुकाल, कारण पाणी भिंतीवरून ओघळत भलतीकडेच जमा होतं.

पहिली चाचणी जमिनीवरच घ्या. ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर रबरी मफ (नळाच्या पाइपला जोडलेल्या वाट्या) लावा, नळ सोडा, इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. पंखा (प्रोपेलर) मोकळा फिरेल याची काळजी घ्या आणि जवळपास कुणाला उभं राहू देऊ नका. बोट जमिनीवर असताना बेलोजच्या बाहेर पाणीच नाही. तरीही तळ ओला झाला, तर ते थंड करायचं पाणी आहे: एखादा होज, इंजिनावरचा पंप किंवा ड्राइव्ह आणि बेल हाउसिंग यांच्यामधला पाण्याचा रस्ता. बेलोजचा इथे काही दोष नाही.

मफवर सगळं कोरडं राहिलं तर बोट पाण्यात सोडा आणि इंजिन बंद ठेवून बघत राहा. उभ्या बोटीत पाणी आलं तर संशय बेलोजवर, शिफ्ट केबलवर किंवा ट्रान्समच्या आतल्या सीलवर. ड्राइव्ह सरळ असताना कोरडं, पण पूर्ण वळवल्यावर किंवा उचलल्यावर ओलं होत असेल, तर घडीत चीर आहे आणि ती ताणली की तोंड उघडते. आणि फक्त चालत्या बोटीत पाणी येत असेल तर स्टिअरिंगच्या पिनेची सीलं तपासा. उभ्या बोटीत ती जागा बऱ्याचदा पाण्याच्या वर असते, चालताना मात्र तिच्यावर फवारा बसत राहतो.

तळातलं पाणी आपोआप उपसणाऱ्या बिल्ज पंपाबद्दल इथेच सांगतो. फ्लोट स्विच पाणी वाढलं की पंप लावतो, पाणी बाहेर जातं आणि मालकाला वाटतं तळ कोरडा आहे. गळती महिनोन्‌महिने लपून राहते, मग एक दिवस बॅटरी उतरते. चाचणीच्या वेळी हा स्विच बंद ठेवा, पण मग बोटीजवळून हलू नका. चाचणी संपली की आठवणीने चालू करा.

जुना बेलोज फेकू नका, वाचा

या कामात सर्वांत जास्त माहिती जुन्या रबरात असते, आणि बहुतेक वर्कशॉपमध्ये तेच आधी कचऱ्यात जातं. कापून काढण्याआधी वरची बाजू खडूने किंवा मार्करने दाखवून ठेवा. नाहीतर चीर कुठल्या बाजूला होती हे नंतर कळणार नाही आणि निम्मा पुरावा गेला.

ड्राइव्ह उतरवल्यावर बेलोज जागेवर असतानाच मागून आत टॉर्च लावा, शक्यतो अंधारात, आणि दुसऱ्या कुणाला बाहेरून बघायला सांगा. बेल हाउसिंग हाताने पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग वर करा. मिटलेल्या घडीत न दिसणारी चीर ताणल्यावर उजेडाच्या ठिपक्यासारखी दिसते. मग तो काढा, घड्या उघडून प्रत्येक खोबण बोटाने तपासत जा.

खोबणींमध्ये सगळीकडून बारीक भेगा असतील तर रबर वयाने गेलंय. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. अशा बेलोजचा काही गुन्हा नाही, त्याची वेळ झाली होती. पण नवा म्हणून बसवलेला बेलोज वर्षभरात असा झाला, तर तो वर्षानुवर्षं दुकानात पडून होता का, हे विचारा. रबर पाकिटातही म्हातारं होतं. विकत घेताना बनवल्याची तारीख असेल तर बघा, नसेल तर दाबून, उलगडून बघा. खोबणीत पांढुरकी रेघ उमटत असेल तर घेऊ नका.

भेगा फक्त खालच्या बाजूला असतील तर गोष्ट वेगळी. ड्राइव्ह वर उचलला की बेलोज वरून दाबला जातो आणि खालून ताणला जातो. म्हणजे ही बोट ड्राइव्ह उचललेल्या स्थितीत महिनोन्‌महिने उभी असते. रबराला त्या आकाराची सवय लागते, मग ड्राइव्ह खाली आणला की घडी नको तिथे मुडपते आणि तिथेच फाटते. एक्झॉस्टचा बेलोज आणखी खाली असल्यामुळे त्याच्यावर हा ताण जास्त येतो.

बोट पाण्यातच राहत असेल तर घड्यांच्या आत बघा. चंद्रकोरीसारखे किंवा टोचल्यासारखे छोटे काप दिसले, तर ते बार्नेकलचं, म्हणजे बोटीला चिकटणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवांचं, काम आहे. ते खोबणीत धरतात, त्यांची कवचं पात्यासारखी धारदार असतात, आणि ड्राइव्ह वळवला-उचलला की दोन घड्यांच्या चिमटीत सापडून रबर कापतात. खरडायचं झालं तर धातूचं काही वापरू नका. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या आणि ड्राइव्ह हलवण्याआधी खरडा. आधी उचलून मग साफ करायला गेलात, तर नुकसान उचलतानाच होऊन गेलेलं असतं. आणि बुडाला लावायचा अँटिफाउलिंग रंग रबरावर फासू नका, त्यातलं सॉल्व्हंट रबर खातं.

एकाच जागी चकचकीत, घासलेला डाग असेल तर काहीतरी टेकतंय. हे मी फार बघतो, आणि कारण जवळजवळ नेहमी क्लॅम्पच असतो. त्याचा स्क्रू किंवा उरलेली शेपटी अशा जागी आलेली असते की पूर्ण वळणावर शेजारच्या बेलोजला किंवा होजला घासते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक क्लॅम्पच्या स्क्रूची जागा चित्रात दाखवलेली असते, ती याचसाठी. हात पोचतो तिथे स्क्रू ठेवून चालत नाही.

रबर फुगलेलं, मऊ, चिकट लागत असेल तर त्याला तेल किंवा ग्रीस लागलंय. वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास आला तर ड्राइव्हच्या वरच्या शाफ्टचं सील गळतंय आणि तेल बेलोजमध्ये साचतंय. बाहेरून फुगलेलं असेल तर कुणीतरी ‘रबर मऊ राहावं’ म्हणून मनानेच काहीतरी चोळलंय. बेलोजला साबणाच्या पाण्याखेरीज कशाचीही गरज नसते.

यू-जॉइंटच्या बेलोजची फक्त खालची बाजू कडक, भाजल्यासारखी आणि काजळलेली दिसली तर दोष खालच्या एक्झॉस्ट बेलोजचा. तो फाटलेला किंवा काढून टाकलेला असला की गरम धूर थेट वरच्या रबरावर येतो. ‘एक्झॉस्ट बेलोज नसला तरी बोट चालते’ असा सल्ला सर्रास दिला जातो. चालते हे खरं, पण वरचा बेलोज लवकर जातो, आणि बुडवणारा तोच आहे. एक्झॉस्ट बेलोज बसवणं जिकिरीचं वाटत असेल तर आपल्या मॉडेलसाठी कंपनीची नळी मिळते का बघा. ती मोकळी सोडण्यापेक्षा केव्हाही बरी.

आतल्या अंगाला गोल चर पडलेले असतील तर तातडीने थांबा. यू-जॉइंटची टोपी किंवा सर्क्लिप (ती टोपी धरून ठेवणारी कडी) जागेवरून सरकून फिरता फिरता रबर खरवडतेय. अशा ठिकाणी नवा बेलोज बसवणं म्हणजे तोही कापायला देणं.

आणि शेवटचा प्रकार: कुठेच भोक नाही, रबर ठणठणीत, पण एक काठ जागेवरून निसटलेला. हा बेलोजचा नव्हे, बसवण्याचा दोष.

काठ का निसटतो

बेलोज ज्या कड्यावर चढतो ते कडं अ‍ॅल्युमिनियमचं असतं. खाऱ्या पाण्यात त्याच्यावर पांढरी भुकटी येते, भुकटीखाली खड्डे पडतात, आणि रबर त्या खड्ड्यांवर कितीही आवळलं तरी पाण्याला वाट मिळते. त्यात जुन्या गोंदाचे पापुद्रे राहिले असतील तर नवा गोंद कड्याला नव्हे, त्या पापुद्र्यांना चिकटतो आणि त्यांच्यासकट सुटतो. वर्षभरात पुन्हा गळणाऱ्या कामांत मला हेच कारण सर्वाधिक आढळलंय. या एका जागी दिलेला अर्धा दिवस वाया जात नाही.

जुना गोंद प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, राहिलेला योग्य सॉल्व्हंटने पुसून काढा आणि मग बारीक पॉलिश पेपर किंवा नायलॉनचा पॅड फिरवा. लोखंडी तारेचा ब्रश ड्रिलला लावून झटपट काम उरकण्याचा मोह होतो, पण त्याचे लोखंडी कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. साफ झालं की डोळे मिटून कड्यावरून बोट फिरवा. नखाला न अडकणारे खड्डे चालतात. थोडे अडकणारे असतील तर धातूमिश्रित इपॉक्सीने भरून, घासून सपाट करता येतात. कड्याचा आकारच गेला असेल, कंगोरा खाल्ला गेला असेल, तर ते हाउसिंग बदलायला झालंय. ही बातमी कुणालाच आवडत नाही, पण दरवर्षी बेलोज बदलण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

खड्डे वेगाने पडत असतील तर अ‍ॅनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले धातूचे तुकडे, बघा. ते झिजलेले असतील तर ठीक, तेच त्यांचं काम. वर्षानुवर्षं जसेच्या तसे, चकचकीत किंवा रंगवलेले असतील तर संरक्षण होतच नाहीये. ड्राइव्हच्या भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या तारा तुटल्यात का, हेही तेव्हाच पाहा. मर्क्रूझरच्या बेलोजच्या क्लॅम्पखाली पत्र्याची एक छोटी क्लिप ठेवायची असते, ती क्लॅम्पला अर्थिंग देते. ती खाली पडते, कचरा समजून झाडली जाते, आणि मग क्लॅम्पच गंजून तुटतो.

क्लॅम्प पूर्ण स्टेनलेसचे हवेत, स्क्रूसकट. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा असा माल सर्रास मिळतो, लोहचुंबक लावला की बहुतेक वेळा स्क्रू उघडा पडतो. आरपार खाचा असलेल्या पट्टीपेक्षा आतून गुळगुळीत पट्टी बरी, कारण जोर लावला की खाचांमधून रबर बाहेर येतं. आवळायचं ते काठ घट्ट धरेपर्यंत. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंनी रबर फुगून वर आलं म्हणजे मर्यादा ओलांडली, तिथून ते कापलं जाणार.

गोंदाबद्दल सरसकट नियम सांगता येत नाही. काही ड्राइव्हना तो लागतो, काहींना काठ कोरडाच बसवायचा असतो, आणि त्यासाठी मॅन्युअल उघडणं भाग आहे. जिथे लागतो तिथे बेलोजसाठीचाच गोंद वापरा, सिलिकोन सीलंट नव्हे. सिलिकोन आधी वंगणासारखं वागतं, काठ सरकतो, आणि पुढच्या वेळी ते खरडून काढणं जिवावर येतं. गोंद कड्यावर आणि रबराच्या आतल्या बाजूवर, दोन्हीकडे पातळ लावून डब्यावर सांगितलेला वेळ तसाच राहू द्यायचा असतो, साधारण दहा मिनिटं. ओला असतानाच रबर चढवलं तर ते दिवसभर सरकत राहतं. आणि गोंदाच्या काठाला साबणाचं पाणी लावू नका, ते फक्त कोरड्या बसणाऱ्या टोकासाठी. रबर कडक वाटत असेल तर आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि पूर्ण पुसून घ्या.

चढवताना काठाचा आतला कंगोरा कड्याच्या खाचेत चारी बाजूंनी बसलाय ना, हे आरशाने आणि बोटाने पाहा. तळाची बाजू दिसत नाही आणि नेमकी तिथेच चूक राहते. रबरावर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती पाळा. काही मॉडेलांत ड्राइव्हकडच्या टोकात आतून धातूची स्लीव्ह बसते आणि तीच रबराचा काठ दाबून धरते. ती तिरपी ठोकली गेली तर काठ एका बाजूने मोकळा राहतो. त्यासाठीचं हत्यार एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडून मागून आणा, हातोडी आणि लाकडाचा ठोकळा यांनी भागवू नका.

भोक नाही, काठ पक्का, तरी आत पाणी

मग बेल हाउसिंग आणि ड्राइव्ह जिथे भेटतात त्या तोंडाकडे या. तिथे शाफ्टच्या भोकाभोवती मोठी ओ-रिंग किंवा गॅस्केट असतं, आणि अल्फासारख्या ड्राइव्हमध्ये शेजारून थंड करायचं पाणी वर जातं, त्याला वेगळं सील. यातलं काहीही चिमटलं, तुटलं किंवा जुनंच ठेवलं, तर पाणी मागून बेलोजमध्ये शिरतं. बाहेरून बेलोज निर्दोष दिसतो आणि सगळे त्यालाच दोष देत राहतात. ड्राइव्ह उतरवला की ही सीलं प्रत्येक वेळी नवीनच घाला.

ओ-रिंग चिमटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ड्राइव्ह नटांनी ओढून बसवणं. शेवटचे काही सेंटीमीटर तो अडला तर शाफ्टचे दाते इंजिनाच्या कपलरशी (शाफ्ट ज्यात बसतो त्या जोडाशी) जुळलेले नाहीत. थोडा मागे घ्या, पंखा हळूच फिरवून शाफ्ट किंचित वळवा आणि पुन्हा ढकला. जुळलं की हाताच्या जोरावर जातो. जात नसेल तर कारण शोधा, नट फिरवू नका. उतरवताना आणि चढवताना अल्फा पुढच्या गिअरमध्ये हवा आणि ब्राव्हो न्यूट्रलमध्ये. हे विसरलं की शिफ्टची जोडणी अडते आणि मग जोर लावला जातो. दोन्हींच्या नटांसाठी ६८ न्यूटन-मीटर, एकाआड एक, टप्प्याटप्प्याने.

किंचित ओलसरपणा आणि यू-जॉइंटवर हलकी तांबूस झाक एवढंच असेल तर घाबरू नका, बंद पोकळीत दव धरतं. पण यू-जॉइंटच्या मधल्या क्रॉसच्या अर्ध्या उंचीवर गंजाची स्पष्ट रेघ दिसली, तर पाणी तिथपर्यंत साचून उभं होतं. आतल्या रबरावर तांबडे शिंतोडे गोलाकार उडालेले असतील, तर साचलेल्या पाण्यात शाफ्ट फिरत होता.

पाणी येऊन गेल्यावर बेअरिंग आणि यू-जॉइंट

इथे कंजुषी केली की आपण सुरुवातीच्या जागी परत येतो. गिंबल बेअरिंगला पाणी लागलं असेल तर ते बदला, सीलसह. ग्रीस भरून ‘आता आवाज येत नाही’ म्हणणं म्हणजे आवाज दाबणं. खराब बेअरिंग वळणावर गुरगुरतं, सरळ चालताना गप्प असतं. खराब यू-जॉइंट वळणावर टकटक करतो. हाताने क्रॉस चारी दिशांना हलवून बघा: कुठेही अडकल्यासारखा किंवा खडबडीत लागला तर बदला, खुळखुळत असेल तरी बदला. ग्रीस घालायचं बेअरिंग असेल तर बसवताना बाहेरच्या रिंगचं भोक हाउसिंगमधल्या ग्रीसच्या वाटेसमोर येतंय याकडे लक्ष ठेवा, नाहीतर पुढे कितीही ग्रीस मारलं तरी आत काही जाणार नाही.

नंतर अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का हे बघणं. त्यासाठीचा बार बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये दोन बोटांच्या जोरावर जायला हवा. बाराच्या टोकाला पातळ ग्रीस लावून आत घाला, बाहेर काढून दात्यांचे ठसे बघा. सगळीकडे सारखे असतील तर बरोबर, फक्त वर किंवा फक्त खाली असतील तर इंजिनाचे पुढचे माउंट वर-खाली करावे लागतील. चुकीचं अलाइनमेंट बेलोज थेट फाडत नाही, पण बेअरिंग आणि यू-जॉइंट लवकर झिजवतं, आणि सैल झालेल्या यू-जॉइंटने आतून रबर कसं कापलं जातं ते वर आलंच आहे.

ड्राइव्ह उतरवण्याआधी तो पूर्ण खाली आणा, बॅटरी सोडा आणि मगच ट्रिम सिलिंडर (ड्राइव्ह वर-खाली करणारे) मोकळे करा. उचललेल्या ड्राइव्हचे सिलिंडर काढले तर तो कोसळतो, आणि त्याचं वजन हात-पाय मोडण्याइतकं असतं. एकट्याने उचलू नका. होइस्ट नसेल तर दुसरा माणूस हवाच.

साठवण, आणि पहिल्यांदा पाण्यात सोडताना

जमिनीवर ठेवलेल्या बोटीचा ड्राइव्ह खाली ठेवा. रस्त्याने नेताना तो उचलावा लागतो हे ठीक आहे, पण पोचल्यावर खाली आणा. पाण्यात राहणाऱ्या बोटीत ड्राइव्ह उचलून ठेवला की रबर वाचतं असा समज आहे. बऱ्याच बोटींत उचलूनही बेलोज पाण्याखालीच राहतो, वर ताण पडतो तो वेगळाच. तिथेही खालीच ठेवा आणि अधूनमधून बोट बाहेर काढून घड्या साफ करा. व्होल्वो पेंटा आपल्या अनेक ड्राइव्हसाठी दर दोन वर्षांनी बेलोज बदलायला सांगते. इतरांनीही दरवर्षी ड्राइव्ह उतरवून आत बघावंच, रबर बाहेरून कितीही ठीक वाटलं तरी.

काम झाल्यावर जमिनीवरच ड्राइव्ह पूर्ण डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवा आणि प्रत्येक टोकाला आत हात घालून पाहा: काही टेकतंय का, घडी मुडपतेय का, शिफ्ट केबल ओढली जातेय का, बेलोजला पीळ पडलाय का. मग बोट पाण्यात सोडा, पण ट्रेलर तिथेच राहू द्या. कागदाच्या पट्ट्या पुन्हा चिकटवा, ड्राइव्ह सगळ्या दिशांना हलवा, अर्धा तास थांबा. पट्ट्या कोरड्या असतील तर छोटी फेरी मारून परत या आणि त्या परत बघा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर, बोट बाहेर आली की हात पोचतो तिथले क्लॅम्प तपासा. रबर बसल्यावर ते थोडे सैल होतात आणि अर्धा आटा पुन्हा आवळावा लागतो.